नकाशात नसलेली विहीर

शहाड, कार्तिक वद्य ३, शके १८११

चिरंजीव सहदेव यांस परशुराम पाटील, माजी कारकून, मामलेदार कचेरी, कल्याण, यांचे अनेक आशीर्वाद. आणि आशीर्वादांच्या पाठोपाठ एक गुप्त काम.

तुमची वडील बहीण सगुणा खुशाल आहे, म्हणजे हिंडती-फिरती आहे. तिचा नवरा, आमचा धाकटा भाऊ आनंद, गेल्यापासून त्याच्या वाटणीची मधली पट्टी पडीक पडली आहे. त्याने खणायला घेतलेली विहीर अर्धवट राहिली. तिला विहीर म्हणणे म्हणजे विहिरीचा अपमान आहे. एकट्या बाईमाणसाने जमीन ठेवून काय करायचे? पट्टी आमच्या नावे करून द्यावी आणि आमच्या घरी दोन वेळ जेवावे, असे मी तिला गोडीने सांगितले. काळुरामानेही सांगितले, पण त्याच्या नावे करण्याबद्दल. ती ऐकेना. तेव्हा तिला अक्कल येईपर्यंत आमच्या दोघांच्याही विहिरी तिला बंद केल्या आहेत. आम्हा भावांचे गेल्या कित्येक वर्षांत एकमत झाले ते एवढ्याच गोष्टीवर. हल्ली ती नदीवरून पाणी आणते. चालण्याने प्रकृती चांगली राहते. अक्षय्य तृतीयेला पंच बसतील आणि पट्टीचा निकाल लागेल. जमीन पडीक आणि विहीर कोरडी, तेव्हा निकाल काय तो दिसतोच आहे.

आता गुप्त गोष्ट. माझ्या विहिरीच्या पाण्यावर महिनाभर तेलाचा तवंग येतो आहे. मी ते फडक्याने टिपून दिव्यात घातले, तो दिवा लख्ख पेटला. दुःखाची गोष्ट ही की काळुरामाच्या विहिरीतही तसेच तेल येते. तुम्ही ब्रह्मदेशात तेलाच्या कंपनीत कोठीवर आहात. जमिनीखालचे तेल सगळेच्या सगळे वर कसे काढतात ते सविस्तर लिहावे. सोबत जागेचा नकाशा जोडला आहे: वरच्या अंगाला माझी विहीर, खालच्या अंगाला काळुरामाची, बाजूला उल्हास नदी.

काळुरामास कळू देऊ नये. कंपनी काढल्यास तुमचे नाव विसरणार नाही.


इरावतीचा काठ, मार्गशीर्ष शुद्ध ८

परशुरामदादांच्या चरणी सहदेवाचा दंडवत. इतक्या लांबून घातलेला दंडवत पोचेपर्यंत थोडा वाकडा झाला असेल, तो आपण सरळ करून घ्यावा.

पत्र वाचून धन्य झालो. येथे जमिनीतून जे तेल निघते ते काळेहिरवे, दाट, आणि नाकाला पदर लावल्याशिवाय जवळ जाववत नाही असे असते. ते साहेब लोक मोठमोठ्या भट्ट्यांत उकळतात, गाळतात, तेव्हा कुठे त्याचे दिव्यात घालण्याजोगे घासलेट होते. आपल्या विहिरीत ते उकळून, गाळून, स्वच्छ होऊनच येते. देवाने आपल्यासाठी पाताळात कारखाना काढलेला दिसतो. मला मात्र, पापी माणसाला, दुसरेच आठवते. मोठ्या पुराच्या साली तुमच्या शहाडच्या नदीकाठची घासलेटाच्या डब्यांची वखार गाळाखाली गेली होती आणि तिचा शेटजीही निर्वंश गेला. ते डबे आता गंजून फुटत असावेत आणि तेल वाळूत पसरत असावे. म्हणजे आहे ते एवढेच आहे, आणि एकदाच आहे. कंपनी काढण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे.

काढायचे कसे, ते सांगतो. विहिरीत आपोआप येते ते थोडे. बाकीचे वाळूच्या कणाकणाला धरून बसते. त्याला ढकलणारे कोणी लागते. आमचे साहेब तेलाच्या विहिरीत पाणी शिरले की डोके धरून बसतात. पण मी येथे पाहिले आहे, एका पडक्या विहिरीत पाणी शिरले आणि थोड्या अंतरावरची, मरायला टेकलेली विहीर पुन्हा तेल देऊ लागली. पाणी जिथे ओताल तिथून तेल पुढे सरकते. साहेबांना हे सांगितले तर त्यांनी मला कोठीतल्या पिंपांकडे लक्ष द्यायला सांगितले.

तेव्हा उपाय सोपा आहे. आपण आणि काळुरामदादांनी एकत्र बसावे. एका विहिरीत नदीचे पाणी ओतावे, दुसरीतून तेल काढावे, आणि निम्मे निम्मे वाटून घ्यावे. जमिनीखाली वाटणीचे बांध नसतात, म्हणून हे काम भावाभावांनी मिळूनच करायचे असते.

नकाशा फार सुबक काढला आहे. दोन विहिरींच्या मध्ये बरीच कोरी जागा दिसते. अक्कासाठी रोज एक घागर सोडावी, ही हात जोडून विनंती. तीही पाणीच पिते.


शहाड, मार्गशीर्ष वद्य १

सहदेवा, तुला काळुरामचा रामराम. मी काही दादासारखा कचेरीत शाई उडवत बसलेलो नाही, त्यामुळे अक्षर जसं आहे तसं गोड मानून घे.

दादानं तुला कागद धाडलाय हे मला ठाऊक आहे. पोष्टात गेलेलो, तिथं पोष्टमास्तरानं स्वतःच सांगितलं की तुमच्या घरून आता ब्रह्मदेशात पत्रं जातात. माझ्या विहिरीतही तेल येतंय. दादाला काय सांगितलंस ते मला सांग, आणि जे त्याला सांगितलं नसशील ते आधी सांग. मी काही हावरा नाही. फक्त दादाला मिळू नये एवढंच माझं म्हणणं आहे.

सगुणा बरी आहे. मी तिला पाणी दिलं असतं, पण मी दिलं तर दादा म्हणणार याचा पट्टीवर डोळा आहे. तो आहेच, पण दादानं तसं म्हणू नये.


इरावतीचा काठ, पौष शुद्ध २

काळुरामदादा, तुमचे पत्र वाचून मन मोकळे झाले. आडपडदा न ठेवता लिहिणारा माणूस हल्ली विरळा.

थोरल्या दादांना जे सांगितले तेच तुम्हाला सांगतो, अक्षराचा फरक नाही. पाणी जिथे ओताल तिथून तेल दूर सरकते. दोघांनी एकत्र बसून एक विहीर पाण्याला द्या, दुसरी तेलाला ठेवा, आणि निम्मे वाटून घ्या. न सांगितलेले काहीही शिल्लक ठेवलेले नाही.

अक्काला पाणी देऊन लोकांना काय म्हणायचे ते म्हणू द्या. ती तुमच्या भावाची बायको आहे.


शहाड, पौष वद्य १०

चिरंजीव सहदेव यांस परशुरामाचे आशीर्वाद, आणि या खेपेस किंचित कौतुकही, कारण तुमच्या पत्रातले मर्म मी ओळखले. निम्मे वाटून घ्या वगैरे तुम्ही शिष्टाचार म्हणून लिहिले, हे न कळण्याइतका मी भोळा नाही. पाणी जिथे ओताल तिथून तेल पळते. अर्थात ते काळुरामाच्या विहिरीत ओतले पाहिजे.

पण दुसऱ्याच्या विहिरीत पाणी ओतायचे कसे? येथे माझी कचेरीतली इतकी वर्षे कामी आली. काळुरामाची विहीर यंदा लवकर आटली आहे. मी देवळात चार माणसांसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, भाऊ तहानेला असताना माझ्या घशाखाली पाणी उतरत नाही. उद्यापासून माझे गडी नदीचे पाणी आणून काळुरामाच्या विहिरीत ओततील. सगळा गाव गहिवरला. मीही थोडा गहिवरलो, कारण बोलता बोलता मला ते खरेच वाटू लागले.

आणि आता खरी मौज ऐका. तो मूर्ख उठून म्हणाला, दादा माझ्यासाठी एवढं करतो तर मीही दादाची विहीर भरून देईन. मी नको नको म्हणत होतो, पण लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता सकाळी माझे गडी पखाली घेऊन त्याच्याकडे जातात आणि त्याचे माझ्याकडे येतात. वाटेत भेटले की एकमेकांना रामराम करतात. आमच्या घरच्या बायका डोळे पुसतात. काळुरामाचे निर्मळ मन पाहून मला त्याची कीव येते. पण एक अडचण आहे. माझ्या विहिरीत पाणी चढते आहे आणि तेल मात्र पूर्वीपेक्षा कमी. त्याच्याकडे पाणी ओतूनही तेल माझ्याकडे का येत नाही? रीत सुधारण्यासाठी काय करावे ते लवकर लिहावे.

सगुणेला पाणी देण्याचा विचार आहे, पण तृतीयेनंतर.


इरावतीचा काठ, माघ शुद्ध ७
(खोपटच्या आत्याच्या पत्त्यावर)

अक्का, हे पत्र आत्याच्या हाती देऊन तिलाच शहाडला पाठवायला सांगितले आहे, म्हणजे तुझ्या दिरांच्या हाती लागणार नाही.

आनंदभावजींनी सुरू केलेली विहीर आहे ना, ती अजून खोल कर. तुझ्या हाताने होत नसेल तर आत्याच्या घरची माणसे बोलाव, ती येतील. दोन्ही बाजूंच्या विहिरींच्या पाण्यापेक्षा तुझा तळ खाली गेला पाहिजे. तृतीयेच्या आत कर. वास आला तर घाबरू नको, आणि दिवा मात्र जवळ नेऊ नको.

थोरल्या दादांनी पाठवलेला जागेचा नकाशा सोबत धाडतो, त्यात तुझी पट्टी कोरीच आहे. दिरांना काही बोलू नको. त्यांना भांडायला लावू नको. सध्या त्यांचे प्रेम फार कामाचे आहे.


इरावतीचा काठ, माघ शुद्ध ७

परशुरामदादा, आपल्या बंधुप्रेमाची हकीकत मी येथे मंडळींना वाचून दाखवली. एक बंगाली बाबू तर इतके हसले, म्हणजे रडले, की त्यांना पाणी द्यावे लागले.

आपल्या अडचणीचे कारण सोपे आहे. पाणी पातळ आणि उतावळे. वाळूत जिथे मोकळी वाट दिसेल तिथून ते पुढे पळते आणि तेल बिचारे मागच्या मागे राहते. पंगतीत नाही का, काहीजण वाढप्याच्या अंगावरून उडी मारून पुढे बसतात? तेव्हा दोन गोष्टी कराव्यात. एक, पखाली एकदम रिकाम्या करू नयेत. हळूहळू, दिवसभर, सारखी धार धरावी. दुसरी, पाण्याला दाटपणा आणावा. दाट पाणी घाई करत नाही. ते सगळ्या वाळूला पुरे अंग लावून, तेलाला पुढे घालून चालते. आमच्या ठाण्याच्या मिठागरांत बांधाला भोक पडले की पाणी तिथूनच जोर करते. चिखल दाट कालवून लावला की पाणी सबंध बांधावर सारखे टेकून बसते. तुमच्याकडे सोपा दाट पदार्थ म्हणजे तांदळाची पेज. गाळून घ्यावी, शिते जाऊ देऊ नयेत.

काळुरामदादांनीही विचारले आहे, म्हणून हेच त्यांनाही लिहीत आहे; मर्म त्यांना आपल्यासारखे कळेल असे नाही, पण दोन्ही बाजूंनी सारखा जोर लागला तरच काम नीट होते. प्रेमातही तसेच असते.

पेज विहिरीत फार दिवस राहिली तर आंबते, एवढे मी प्रामाणिकपणे सांगून ठेवतो. आपण ते वाक्य वाचाल की नाही, याची मला शंका आहे.


शहाड, फाल्गुन वद्य ५

सहदेवा, काळुरामचा रामराम, आणि रामरामाबरोबर एक सवाल: तेल कुठं गेलं?

तुझ्या सांगण्यावरून आम्ही महिनाभर पेज ओततोय. माझ्या घरची दादाच्या विहिरीत, दादाच्या घरची माझ्या विहिरीत. चुलीवरून हंडे उतरवायला सवड नाही. पोरांना सुका भात खावा लागतोय आणि बायको माझ्याशी बोलत नाही. तरी मी दम धरलाय, कारण दादाचा मूर्खपणा बघून पोट भरतं. तुझं पत्र वाचूनही त्याला मर्म कळलं नाही, तो स्वतःचा तांदूळ रांधून माझ्या विहिरीत घालतोय. त्याला वाटतंय मी भावासाठी करतोय. कल्याणहून लोक आम्हाला बघायला येतात. मागच्या एकादशीला कीर्तनात बुवांनी आमची नावं घेतली, रामाच्या आणि भरताच्या नंतर लगेच. दादानं मान खाली घातली. मीपण घातली.

पण माझ्या विहिरीत आता तेलाचा थेंब नाही. गळ्यापर्यंत पाणी, आणि त्या पाण्याला असा आंबूस वास की बैल तोंड फिरवतो. दादाची पण तीच गत आहे असं त्याच्या गड्यानं माझ्या गड्याला सांगितलं. मग तेल ना त्याच्याकडे, ना माझ्याकडे. आमच्या मध्ये तर काहीच नाही, सगुणेचा खड्डा तेवढा आहे.

ती आता खड्ड्यातच उतरून बसलेली असते. आत्याकडची माणसं येतात, माती काढतात. विहीर करणार म्हणे. बाईचा हट्ट. तृतीयेला पंच बघतील आणि हसतील.


शहाड, वैशाख शुद्ध ९, शके १८१२

सहदेवा, तुला तुझ्या अक्काचे आशीर्वाद. आधी आशीर्वाद, मग बोलणी; दोन्ही मनापासून आहेत.

तू लिहिलंस खोल कर. का, ते लिहिलं नाहीस. मी आणि आत्याकडची माणसं माघापासून माती उपसत होतो. हाताची सालटी निघाली. एक दिवस तळाला ओल दिसली. मी मूठभर वाळू उचलून नाकाशी नेली, म्हटलं पाण्याचा वास घेऊ, आणि घासलेटाचा भपकारा आला. मी तिथंच चिखलात बसून रडले. यांनी शेवटच्या दिवसापर्यंत इथं पाणी लागणार म्हणून कुदळ मारली, आणि देवानं त्यात घासलेट भरून ठेवलं, असं मला वाटलं. तुला ते आधीपासून ठाऊक होतं. तुझे डाव तिकडे बसून चालतात रे, खड्ड्यात मी उतरले होते. याचा राग मला आहे आणि तो थोडे दिवस राहील.

मग तेल वाढत गेलं. मी फडकी बुडवून पिळत गेले, मडकी भरत गेले. कल्याणच्या दुकानदारानं ती मडकी नेली आणि बदल्यात विहीर बांधायला चुना आणि दगड आणून टाकले. तेल हळूहळू सरलं आणि त्याच्या मागोमाग पाणी आलं. आधी वासाचं, मग कमी वासाचं. तृतीयेच्या सकाळी खड्ड्यात कमरेच्या वर पाणी होतं.

पंच आले. महिपतबुवा पुढे होते, त्यांचं वय झालंय, तरी काठीवर रेलून वाकून पाहिलं. म्हणाले, ही विहीर कोरडी म्हणून आम्हाला बोलावलं ना? थोरल्या भावजींचा चेहरा तू पाहायला हवा होतास. ते म्हणाले, हे पाणी माझं आहे, मी नदीवरून आणून ओतलेलं आहे. मधले भावजी म्हणाले, निम्मं माझं आहे. आणि तेल निघालं असेल तर तेही आमचंच.

महिपतबुवा म्हणाले, तुम्ही तर एकमेकांच्या विहिरीत ओतत होता. कशासाठी?

सगळा गाव उभा होता. तेलासाठी ओतलं म्हणावं, तर भावाचं तेल पळवायला ओतलं असं भावासमोरच म्हणायला हवं. थोरल्यांनी मधल्यांकडे पाहिलं, मधल्यांनी थोरल्यांकडे, आणि त्या क्षणी दोघांना एकदमच कळलं की समोरचाही तेच करत होता. मला वाटलं आता मारामारी होते. पण कीर्तनात नाव आलेल्या माणसाला मारामारी करता येत नाही. थोरले भावजी हळूच म्हणाले, प्रेमापोटी. मधले म्हणाले, हो, प्रेमापोटीच.

महिपतबुवांनी ते तसंच कागदावर लिहून घेतलं: दोघा भावांनी एकमेकांच्या विहिरी प्रेमापोटी भरल्या, त्यात दुसरा काही हेतू नव्हता, आणि त्यापासून जे काही निघालं त्यावर दोघांचा हक्क नाही. खाली दोघांच्या सह्या. थोरल्या भावजींची सही नेहमीसारखी वळणदार आली नाही. पट्टी माझ्याकडे राहिली. विहीरही.

तू सोबत धाडलेला थोरल्यांचा नकाशा मी नंतर नीट पाहिला. खरंच त्यात मी नाही. त्यांनी मुद्दाम वगळलं असतं तर मला इतकं लागलं नसतं. त्यांना मी आठवलेच नाही.

आता पुढचं ऐक. पेज आंबून दोघांच्या विहिरी सडल्यात. गुरंसुद्धा शिवत नाहीत. परवा दोघी जावा घागरी घेऊन माझ्याकडे आल्या, माना खाली घालून. माझ्या पाण्याला अजून घासलेटाचा थोडा वास आहे, पण त्यांच्यापेक्षा बरं. नदी लांब आहे, ते मला कोणी सांगायला नको. मी पाणी देईन म्हणाले. पण बायकांनी यायचं नाही, भावजींनी स्वतः यायचं. आणि प्रेम तर पंचांसमोर लिहून दिलंय, तेव्हा स्वतःची घागर स्वतः भरायची नाही. थोरल्यांनी मधल्यांची भरायची, मधल्यांनी थोरल्यांची.

रोज सकाळी येतात. एकमेकांशी बोलत नाहीत. मी काठावर बसून वाल सोलते. थोरले भावजी मधल्यांच्या घागरीत मुद्दाम कमी पाणी घालतात, म्हणून मधलेही थोरल्यांच्या घागरीत कमी घालतात. दोघे अर्ध्या घागरी घेऊन घरी जातात आणि संध्याकाळी पुन्हा येतात. पाणी माझ्याकडे भरपूर आहे. दोर तेवढा झिजतो.